भूकंपानंतर मिळालेल्या घराला खोली वाढवायची आहे, मदत हवी आहे

राम राम मंडळी. आम्ही लातूर जिल्ह्यात औसा तालुक्यातल्या पुनर्वसित गावात राहतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर जमिनीच्या हिशेबानं २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरं मिळाली. आमची जमीन थोडी, म्हणून २५० चं घर. आता त्यात सात माणसं आहोत.

उन्हाळ्यात स्लॅब असा तापतो की रात्री बारापर्यंत आत बसवत नाही. पावसाळ्यात कोपऱ्यातून थेट ज्वारीच्या पोत्यांवर गळतं. जुन्या घरात माळवदाखाली, म्हणजे लाकूड-मातीच्या जाड छताखाली, गारवा होता, पण त्याच घरांच्या दगडमातीच्या भिंतींनी माणसं गाडली. आजी आजही छताखाली झोपत नाही, अंगणात बाज टाकते.

मागच्या मोकळ्या जागेत एक खोली काढायची आहे. मिस्त्री म्हणतो, मागच्या भिंतीत दार काढताना दारावरचा काँक्रीटचा पट्टा तोडावा लागेल. तो पट्टा भूकंपासाठीच आहे ना? मला भीती वाटते. पट्टा न तोडता कुणी खोली जोडली आहे का? कुणाला दाखवून घेतलं, खर्च किती आला? गळतीवर नेमकं काय टिकलं?

घर अजून आजोबांच्याच नावावर आहे. वारस नोंद आधी करावी लागेल का, तेही सांगा.