मदत हवी आहे: गावचा रस्ता अपग्रेड करायला निधी नेमका कुठून मागायचा?

नमस्कार मंडळी, आमच्या गावापासून बाजारपेठेपर्यंतचा रस्ता पार उखडलाय, आधी डांबरी होता आता नुसती खडी राहिलीय, पावसाळ्यात दहावी-बारावीची पोरं चालत जातात कारण गाडीवाले यायलाच नको म्हणतात आणि बाळंतीण न्यायची म्हटलं की जीव टांगणीला लागतो.

मी थोडं वाचलंय. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेचा 2019 चा तिसरा टप्पा होता तो शाळा, दवाखाने, शेतमाल बाजार यांना जोडणारे जुने रस्ते सुधारायला होता, त्यात 1,25,000 किमीचं टार्गेट होतं आणि खर्च केंद्र-राज्य 60:40 असा. 2024 ला मंजूर झालेला चौथा टप्पा मात्र अजून रस्ताच न पोचलेल्या वस्त्यांसाठी आहे, म्हणजे आमचा रस्ता त्यात बसत नाही असं मला वाटतं, चुकत असेन तर सांगा. मग मुख्यमंत्री ग्रामसडक योजना हाच मार्ग उरतो का? की आमदार निधी, जिल्हा नियोजन समिती?

दुसरं म्हणजे सरकारी वर्गवारीत आमचा रस्ता ग्रामीण मार्ग आहे की इतर जिल्हा मार्ग हे कुठे बघायचं? जिल्हा परिषदेत विचारलं तर बांधकाम खात्याकडे जा म्हणतात, तिथे गेलं की परत जिल्हा परिषद. रस्त्याचा नंबरच माहीत नाही तर अर्ज करणार कशावर? ग्रामसभेचा ठराव आधी लागतो का, आणि जुन्या कामाचा देखभाल कालावधी (ठेकेदाराने दुरुस्ती करून द्यायची मुदत) संपलाय का ते माहिती अधिकारात विचारता येईल का?

कोणी हे करून रस्ता मंजूर करून आणला असेल तर प्लीज सविस्तर सांगा, पुढच्या पावसाच्या आत निदान प्रस्ताव तरी जायला हवा.