मेलेल्या ॲशचं लाकूड कोण घेईल? (सेंट पॉल, मिनेसोटा)

मंडळी,

घरामागची ॲशची चार झाडं गेली. शेंड्याकडून वाळत आली, सुतारपक्ष्यांनी साल सोलून पांढरी केली, सुटलेल्या सालीखाली नागमोडी रेघाच रेघा. एमराल्ड ॲश बोरर, हिरवा चकचकीत भुंगा. सेंट पॉलमध्ये तो २००९ साली सापडला, आमच्या गल्लीत आत्ता पोचला.

तोडणारा बघून गेला. म्हणाला, मेलेला ॲश लवकर ठिसूळ होतो, अजून वर्षभर ठेवलात तर वर चढायला माझा माणूस तयार होणार नाही. पटलं. पण सगळं चिपरमध्ये घालणार म्हणाला तिथे अडलं. आजोबांची मिरजेला वखार होती. दीड फुटी सरळसोट बुंध्याचा चुरा होताना मला बघवणार नाही.

अळ्या सालीलगतचा थर खातात, आतलं लाकूड शाबूत असतं. बेसबॉलच्या बॅटी, कुऱ्हाडीचे दांडे याच लाकडाचे होतात. मग गिऱ्हाईक का मिळू नये? दोन सॉ मिलना फोन केला. अंगणातलं झाड म्हटल्यावर दोघांनीही नाही म्हटलं. एकाने निदान कारण सांगितलं: अशा झाडांत खिळे, तारा निघतात, पातं जातं. (आमच्या एका झाडाला आधीच्या मालकाने झोपाळा टांगला होता. मी गप्प.)

तर, घरी येऊन कोणी फळ्या पाडून देतं का? विकायचं तर ओलं की सुकवून? आणि फांद्यांचं सरपण विस्कॉन्सिनच्या मित्राला देऊ का?

रंधा:
सरपण अजिबात हलवू नका. केंद्राचे निर्बंध २०२१ मध्ये उठले, पण हा भुंगा लांबलांब पसरला तो मुख्यतः लोकांच्या गाडीतल्या सरपणातून. तिथल्या तिथे जाळा. तोडही आता जूनमध्ये नको, ऑक्टोबरनंतर करा, भुंगे उडत नाहीत.

ट्रेलरवर बँडसॉ मिल (पट्टा-करवतीचं यंत्र) घेऊन फिरणारे आहेत. आधी मेटल डिटेक्टर फिरवतात, तरी खिळा लागलाच तर पात्याचे पैसे तुमच्याकडून. ओंडके साडेआठ फुटांचे ठेवा आणि पडल्या दिवशीच दोन्ही टोकांना मेण किंवा रंग फासा, नाहीतर चिरा आत शिरतात. हिशोब सांगतो: १६ इंच व्यासाच्या ८ फुटी ओंडक्यात डॉइल मापाने (ओंडक्यातून किती फळी निघेल याचा ठोकताळा) ७२ बोर्ड फूट, म्हणजे आपले ६ घनफूट. चार झाडांत वखार उभी राहणार नाही, सुताराला विकायचं तर सुकवूनच विका. मध्ये पट्ट्या देऊन रचा, इंचभर जाडीला साधारण वर्ष धरा. मग भट्टीतून काढाच, नाहीतर पावडरपोस्ट भुंगा (सुकं लाकूड पोखरणारा) घरात पीठ पाडतो. डेकला (घराबाहेरच्या लाकडी ओट्याला) वापरू नका, उघड्यावर ॲश कुजतो. मिनियापोलिसचे वुड फ्रॉम द हूड शहरातल्या झाडांचंच काम करतात, त्यांनाही विचारा.

धागाकर्ता:
आभार! झोपाळ्याचं झाड वगळून तीन चिरून घेतो. बायको म्हणते आधी जेवणाचं टेबल, मग बाजार. एकच शंका: बर्फात थप्पी ताडपत्रीने पूर्ण गुंडाळायची का?

रंधा:
फक्त वरून झाका. बाजू बंद केल्यात तर बुरशी धरेल.