मदत हवी आहे : सावंतवाडीहून मुंबईमार्गे फ्रँकफर्ट, माइल्स (विमानप्रवासावर मिळणारे पॉइंट्स) कुठे जमा करावेत?

दोघांना मे महिन्यात लुफ्तान्साने मुंबई-फ्रँकफर्ट जायचंय. परत असा प्रवास थेट दोन-अडीच वर्षांनी. सावंतवाडी ते दादर तुतारी एक्सप्रेसने. विमानाचं तिकीट वेगळं असल्यामुळे गाडी रखडली तर विमान कंपनी जबाबदार नाही, म्हणून एक दिवस आधीच निघणार.

भाडं गूगल फ्लाइट्सवर पाहिलं. गोव्यातल्या मोपा आणि दाबोळी विमानतळांहूनही बघितलं (कोड वेगवेगळे, जीओएक्स आणि जीओआय, दोन्ही घालावे लागतात), पण मुंबईच स्वस्त पडतंय. बुकिंग क्लास (तिकिटाच्या भाड्याचा गट दाखवणारं अक्षर) आयटीए मॅट्रिक्स या भाडं शोधायच्या साइटवर काढला : के. तो व्हेअर टू क्रेडिट या साइटवर टाकून स्टार अलायन्समधल्या (लुफ्तान्सा ज्यात आहे तो विमान कंपन्यांचा गट) कुठल्या कंपनीच्या खात्यात किती माइल्स पडतील तेही तपासलं. स्वस्त क्लासला काही ठिकाणी अगदीच किरकोळ मिळतात, त्यामुळे हे आधीच बघितलेलं बरं.

अडलंय ते मुदतीवर. क्रिसफ्लायरचे (सिंगापूर एअरलाइन्सचा माइल्स कार्यक्रम) माइल्स 3 वर्षांनी बाद होतात, युनायटेड एअरलाइन्सच्या कार्यक्रमाचे होत नाहीत. एक फ्लाइट एकाच खात्यात जमा होते, त्यामुळे आत्ताच ठरवायला हवं. माइल्ससाठी क्रेडिट कार्ड घ्यायचं नाही.

मुंबईहून युरोपला माइल्सवर प्रत्यक्षात किती जागा सुटतात, त्यावर कर-अधिभार किती लागतो, हे दोन्ही कार्यक्रमांसाठी शेजारी-शेजारी दाखवणारी एखादी मोफत साइट कुणी वापरली आहे का?