मदत हवी आहे: बी.ए. प्रथम वर्षासाठी अर्थशास्त्र घ्यावे की मानसशास्त्र?

निशिगंध: नमस्कार. परवापर्यंत विषयांचा अर्ज भरायचा आहे आणि मेजर (मुख्य विषय) अर्थशास्त्र घ्यावा की मानसशास्त्र, हे ठरत नाही. ऑनलाइन अर्जात मेजरचा रकाना भरल्याशिवाय मायनरची (दुय्यम विषयाची) यादी उघडतच नाही आणि कार्यालयात विचारले, तर 'माहितीपत्रक वाचा' एवढेच उत्तर मिळते. कृपया लवकर सांगावे.

दूरदेशी: विद्यापीठ कोणते? महाविद्यालय स्वायत्त आहे की संलग्न? राष्ट्रीय शैक्षणिक धोरण महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाले असले, तरी विद्यापीठागणिक रचना वेगळी आहे. बारावीला गणित होते का?

रानवाट: माझा सल्ला राज्यशास्त्राचा. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला त्याचा फार उपयोग होतो. मी स्वतः तोच घेतला होता.

दूरदेशी: स्पर्धा परीक्षेबद्दल त्यांनी विचारलेलेच नाही. शिवाय त्या परीक्षेचा वैकल्पिक विषय पदवीचाच असावा, असे बंधन नाही.

रानवाट: बंधन नसले, तरी तीन वर्षे वाचलेला विषय आणि ऐन वेळी हाती घेतलेला विषय यांत फरक राहतोच.

सोनकी: चौथ्या वर्षाचा विचार आत्ताच करून ठेवावा. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट (अभ्यासाचे श्रेयांक) लागतात, तर चार वर्षांच्या ऑनर्सला १६०. संशोधनासह ऑनर्स हवे असेल, तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण आवश्यक आहेत.

प्राध्यापक_निवृत्त: चौथ्या वर्षाचे नंतर पाहता येईल. निशिगंध, पदवीनंतर आपल्याला काय करायचे आहे, हे आपण लिहिलेले नाही आणि निवड त्यावरच अवलंबून आहे. मानसशास्त्राच्या एम.ए.साठी अनेक ठिकाणी पदवीला तोच विषय असण्याची अट असते, त्यामुळे तो आत्ता सुटला, तर पुढे परतणे अवघड होते; अर्थशास्त्राच्या एम.ए.ला गणिताची बैठक लागते.

निशिगंध: महाविद्यालय संलग्न आहे. बारावीला गणित नव्हते. मला शाळेत समुपदेशक म्हणून काम करायचे आहे. मात्र घरच्यांच्या मते अर्थशास्त्राला नोकऱ्या अधिक आहेत.

प्राध्यापक_निवृत्त: समुपदेशनच करायचे असेल, तर मेजर मानसशास्त्र घ्यावा, असे मी निःशंकपणे सांगेन. मायनर अर्थशास्त्र ठेवता येईल, म्हणजे घरच्यांचे म्हणणेही अगदीच बाजूला पडणार नाही. मी मात्र समाजशास्त्र सुचवेन, कारण शाळेत येणाऱ्या मुलामागचे कुटुंब समजून घ्यायला ते उपयोगी पडते. ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे खुला वैकल्पिक विषय, कला शाखेबाहेरचा घ्यावा लागतो. त्या यादीत प्राथमिक संख्याशास्त्र दिसले, तर गणित नव्हते म्हणून घाबरून सोडू नका, कारण मानसशास्त्रीय चाचण्यांचे गुण त्याच्याशिवाय उलगडत नाहीत. मायनरचा तास मानसशास्त्राच्या प्रात्यक्षिकाच्या वेळी येत नाही ना, हे उद्या विभागाच्या सूचनाफलकावर पाहून मगच अर्ज जमा करा.