बी विंगच्या जिन्याखालची काचेची टाकी

ए-१०२ काकू: जिन्याखालची टाकी अजून तिथेच आहे. बाजूच्या काचेला तडा गेलाय, मुलं तिथेच बॉल आणायला जातात. कधी हलणार?

बी-३०४: काकू, रविवारी टाकीच्या काचा सुट्या करतो. त्यातला हॅमस्टर वर पिंजऱ्यात नेलाय. वॉचमनकडून हातोडी घेतो.

सी-२०१ काका: हातोडी नको! साधी काच आहे, सुरीसारखे तुकडे होतील. काचा सिलिकॉनने चिकटवल्या आहेत, तेच कापायचं.

बी-४०३: हीट गनने गरम हवा मारा, पाच मिनिटांत सुटेल.

सी-२०१ काका: सिलिकॉनला तेवढ्या उष्णतेने काही होत नाही, काच मात्र एकाच जागी तापली की तडकते. थिनरनेही ते विरघळत नाही. आणि गाड्यांशेजारी थिनर उघडूच नका.

ए-१०२ काकू: पण हलणार कधी?

सी-२०१ काका: नीट वाचा. ३ × १ × १.५ फूट, ६ मिमी काच, म्हणजे रिकामी टाकीही २० किलोच्या आसपास. तड्यावर आतून-बाहेरून चिकटपट्टी मारा. दोघांनी उचलून मागच्या काचेवर आडवी ठेवा, खाली दुहेरी गोधडी. आधी वरच्या आडव्या पट्ट्या काढा. मग आतल्या कोपऱ्यांतलं सिलिकॉन ब्लेडने खरवडा, नाहीतर तार अडकते. फटीत ब्लेड सरळ घाला, पिळू नका. कडेची खपली तिथेच उडते. पुढचं काम गिटारच्या सर्वांत बारीक तारेचं. टोकं लाकडी मुठींना गुंडाळून करवतीसारखी हळू ओढा. तार तुटली की तोंडावर येते, गॉगल हवाच.

समोरची काच सरळ वर उचला. एक कोपरा चिकटलेला असताना ओढली तर मधूनच तडकेल. बाजूच्या काचा उभ्या राहतात, शेवटचा सांधा सुटताच पडतात. दुसऱ्याने आधीपासून धरलेल्या असाव्यात.

बी-४०३: माझी सायकल दोन दिवस तिथे होती तर नोटीस आली होती. टाकीला मात्र माफी.

सेक्रेटरी: कृपया तो विषय मीटिंगमध्ये घ्यावा.

ए-३०१: हॅमस्टरकडून पार्किंग चार्ज घ्या 😄

बी-१०१ ताई: तळाच्या काचेच्या कोपऱ्यात शिक्का आहे का बघा. असेल तर ती टफन्ड, म्हणजे तापवून कडक केलेली, कडेला ठेच लागली तरी अख्खी काच दाणे होऊन कोसळते. काच पुन्हा वापरणार असाल तर जुनं सिलिकॉन पूर्ण काढा, नवं त्यावर धरत नाही. शेवटचा पुसट थर ॲसिटोनने, पण हॅमस्टरपासून लांब, हवेशीर जागी. त्याच्या पिंजऱ्यात जुना भुसा मूठभर घाला, ओळखीचा वास राहतो.

सी-२०१ काका: परत सांगतो, हातोडी नको.

बी-३०४: नाही काका. जाड हातमोजे आहेत का कुणाकडे?

सी-२०१ काका: माझ्याकडे दोन जोड आहेत. चपला नको, बूट घाल.

सेक्रेटरी: तडा गेलेली काच पुठ्ठ्यात गुंडाळून वर 'काच' लिहावं. कचरा उचलणाऱ्या ताईंच्या हाती मोकळी देऊ नये.

ए-१०२ काकू: रविवारी किती वाजता?

बी-३०४: सातला.

ए-१०२ काकू: बरं. नऊपर्यंत मुलांना खाली सोडू नका, सगळ्यांना सांगतेय.