तबकातली विडी काढली, चुकलं का?

खळ्यातला: गणपतीत भजन आलं की आरतीनंतर उसळ, चहा आणि मग पितळी तबक. त्यात पानं, सुपारी, चुना, तंबाखू, विडीचं बंडल आणि मुंबईचे चाकरमानी असतील तर सिगारेटचं पाकीटसुद्धा. यंदा मी विडी-सिगारेट काढली. माझे बाबा शेवटची दोन वर्षं पडवीत उशाला टेकून बसून झोपायचे. आडवं झालं की धाप लागायची. ते बघितलेल्या माणसाने स्वतःच्या हाताने पाहुण्याला विडी द्यायची? वाडीतले काही जण म्हणतात, मान राखला नाही. मला ते पटत नाही.

मागीलदार: राग मानू नका, पण चुकलंच. आमच्याकडेही हेच झालं. पखवाज वाजवणारे बुवा, वय सत्तरच्या आसपास, गोठ्यामागे पावसात उभे. काडी ओली, तीनदा ओढली तरी पेटेना. मी म्हटलं, "कित्याक लपतास, बुवा?" ते काही बोलले नाहीत, विडी परत कानावर ठेवली. रात्रभर त्यांनी तुमच्या देवापुढे वाजवायचं आणि विडीसाठी चोरासारखं उभं राहायचं? विडी वाईट, कबूल. माणूस वाईट नाही.

टपरीवाला, वेंगुर्ला रोड: २००८च्या २ ऑक्टोबरपासून सार्वजनिक जागी ओढायला बंदी आहे, दंड २०० रुपयांपर्यंत. २०२०च्या सप्टेंबरपासून राज्यात सुटी विडी-सिगारेट विकायलाही बंदी. तरी गिऱ्हाईक "एक दे" म्हणूनच येतं. फरक एवढाच की पूर्वी बाकड्यावर बसून ओढायचं, आता आधी रस्त्यावर ओळखीचं कोण आहे का बघतं. कायद्यापेक्षा बायको-पोरांना जास्त घाबरतात.

सुरंगी: तुम्ही पुरुष विडीवरच भांडताय. तबकातली तंबाखू कोणी काढली? २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के, आणि तंबाखू खाणारे-लावणारे २४.४ टक्के. माझी आजी तव्यावर मशेरी भाजायची, अख्ख्या माजघराला ठसका लागायचा, आणि आम्ही पोरी बोटाने दाताला लावायला शिकलो. तिला कोणी गोठ्यामागे पाठवलं नाही. काकीच्या गालात आतून पांढरा चट्टा आला तेव्हासुद्धा घरात मशेरीचं नाव कोणी घेतलं नाही, "दात दुखता" एवढंच. धूर दिसतो म्हणून त्याची लाज, मशेरी दिसत नाही म्हणून ती चालते.

खळ्यातला: सुरंगीताई, खरं आहे. तंबाखूची पुडी मीच ठेवली होती, म्हाताऱ्या बायका मागतात म्हणून. पुढच्या वर्षी तीही नाही. बडीशेप आणि लवंग ठेवीन.

मागीलदार: ठेवा. पण बुवांसाठी खळ्याच्या कडेला, पत्र्याखाली एक खुर्ची टाका.

खळ्यातला: खळ्यात पोरं फुगड्या घालतात. खुर्ची नाही टाकणार. बुवांना छत्री देईन, आणि सोबत मीही उभा राहीन.