साक्री भागातली जुनी मोटर आणि आजची लक्झरी: मधली वर्षं कुठे गेली?

पांझराकाठची

नमस्कार मंडळी. माझं आजोळ साक्री तालुक्यातलं. गावात एकाच घराण्याकडे गाड्या आहेत. त्यांच्या लक्झरीच्या मागच्या काचेवर ‘सेवेत १९३८ पासून’ असं रंगवलेलं आहे. घरच्यांना विचारलेलं नसल्यामुळे नाव इथे देत नाही. गावच्या वाचनालयासाठी मी जुन्या गोष्टी लिहून काढतेय, त्यात या गाड्यांना चार पानं तरी द्यायची आहेत.

अडचण अशी की मामा दोन टोकांच्याच गोष्टी सांगतो. एक, त्याच्या आजोबांचं वऱ्हाड याच घरच्या मोटरीतून धुळ्याला गेलं, मोटर नाकाची (इंजिन पुढे बाहेर आलेली) होती आणि मागे कोळशाची टाकी होती. दुसरी, अलीकडच्या गाड्यांची: मॅटाडोर, मग टाटाची ४०७, मग सुरतची रात्रीची गाडी. मधल्या तीसेक वर्षांचं विचारलं की ‘होत्याच की गाड्या’ एवढंच उत्तर. पण त्या काळात त्यांच्या मोटरीत बसलेला एकही माणूस मला भेटला नाही. एक फोटो मिळालाय: सपाट तोंडाची मोठी बस, टपावर माणसं, पाटीवर एमएच-१८ वाचता येतं. फोटोच्या मागे पेनाने ‘१९७८’ लिहिलंय. जाणकारांनी मदत करावी.

नंदुरबार_पॅसेंजर

रेल्वेच्या बाजूने थोडं सांगतो. १९०० साली चाळीसगावहून धुळ्याला फाटा आला. त्याच सुमाराला ताप्ती व्हॅलीची लाईन सुरतेहून नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर करत जळगावकडे गेली. साक्री, पिंपळनेर, दहिवेल हा पट्टा दोन्हींपासून लांब राहिला. म्हणून तिकडे मोटरीचं महत्त्व आमच्यापेक्षा जास्त. बाकी गाड्यांचं घाटातल्या आबांनी सांगावं, त्यांचे हात त्या गाड्यांना लागलेले आहेत.

घाटातला फिटर

ताई, घराणं ओळखलं. तुम्ही नाव दिलं नाही ते बरं केलं, मीही देत नाही. मिसरूड फुटायच्या आधीपासून मी त्यांच्या गॅरेजला होतो. आधी पाने द्यायचं काम, मग फिटर. थोरले मालक मी म्हातारपणी पाहिले, दुपारी गॅरेजला खाटेवर बसून जुनं सांगायचे.

काचेवरचं १९३८ खरं, पण ‘पासून’ म्हणजे सलग नाही. हे तुमच्या पानांत स्पष्ट यायला हवं. एकाच घराचे हे दोन वेगळे धंदे आहेत, आणि मधे कायदा आला.

पहिली मोटर लाकडी बॉडीची, नाकाची. युद्धात पेट्रोलला रेशन लागलं तेव्हा तिच्या मागे गॅसचा प्लांट बसवला, तीच तुमच्या मामाची कोळशाची टाकी. पहाटे कोळसा पेटवायचा, हाताने पंखा फिरवायचा, गॅस नीट यायला लागला की मग हँडल मारायचं. पेट्रोलइतकी ताकद त्यात नसते, त्यामुळे चढ आला की धडधाकट माणसं उतरून चालायची आणि म्हातारी, लेकुरवाळ्या आत बसायच्या. राख आणि काजळी गाळायच्या जाळ्या रोज साफ कराव्या लागत. नाही केल्या तर इंजिन धरायचं.

मग १ जून १९४८ ला पुणे-नगर पहिली एसटी सुटली. आपला पश्चिम खानदेश तेव्हा मुंबई राज्यात. (शेजारी निजामाच्या मुलखात तर सरकारी मोटर १९३२ पासूनच होती.) १९३९ च्या मोटार कायद्याने परमीट आधीच लागू झालं होतं. एसटी एकेक रस्ता हातात घेत गेली आणि खाजगी मोटरवाल्यांची परमीटं संपत गेली. पुढे १९५६ साली त्याच कायद्यात नवं प्रकरण घातलं, त्यात मुदतीआधी परमीट रद्द केलं तर उरलेल्या महिन्याला २०० रुपये भरपाई ठरली. पण आधीच नूतनीकरण थांबलं असेल तर कसली भरपाई? थोरले मालक एसटीला मात्र कधी वाईट बोलले नाहीत. म्हणायचे, आपली मोटर भरली की सुटायची, एसटी रिकामी असली तरी सुटते, आणि पाड्यावरच्या माणसाला ते पाहिजे होतं.

मधल्या काळात त्यांच्याकडे गाड्या होत्या, पण ट्रक. भुईमुगाच्या शेंगा, मिरची, पिंपळनेरकडचा कांदा. म्हणून त्यांच्या मोटरीत बसलेलं कोणी तुम्हाला सापडत नाही.

प्रवाशांकडे ते परतले लग्नाच्या गाडीपासून. मॅटाडोर घेतली ती वऱ्हाडासाठी. टाटाची ४०७ बाजारात आली १९८६ ला, ती यांच्याकडे थोडी उशिरा आली. मग टाटाचीच १२१० ची चासी, म्हणजे बॉडीशिवायची गाडी, घेतली आणि मालेगावला तिच्यावर बॉडी बांधून घेतली. आकड्यांचा अर्थ लिहून ठेवा, पोरांना सांगायला उपयोगी पडेल: १२ म्हणजे साधारण बारा टन एकूण वजन, १० म्हणजे शंभर अश्वशक्तीच्या आसपास. ४०७ म्हणजे चार टन, सत्तर. या १२१० वर माझा फार जीव. बॉडीचा सांगाडा सागाचा, वर पत्रा, जमिनीला फळ्या. पावसाळ्यात फळ्या फुगल्या की गिअरबॉक्सवरचं झाकण निघायचं नाही, मग पहारीने उचकटायचं. डाव्या बाजूची तिसरी खिडकी कधी पूर्ण बंद झाली नाही, तिथे बसणारा गोधडी घेऊनच यायचा.

सुरतची गाडी याच १२१० वर सुरू झाली. साक्री, दहिवेल, कोंडाईबारी घाट, विसरवाडी, नवापूर, मग सोनगड, व्यारा, बारडोली, सुरत. घाट उतरताना पाय ब्रेकवर ठेवून बसणारा ड्रायव्हर आमच्याकडे टिकला नाही. ज्या गिअरने चढतो त्याच गिअरने उतरायचं, हा नियम. रात्री गाडी आली की आधी चाकांच्या ब्रेक ड्रमला हात लावून पाहायचा, चारही सारखे गरम असले तर ठीक. एकच जास्त तापलेला असला तर सकाळी तो खोलल्याशिवाय गाडी सोडायची नाही, मग बुकिंग कितीही असो.

तुमच्या फोटोबद्दल: एमएच-१८ असं दिसत असेल तर तो १९७८ चा नव्हे. नव्या कायद्याने १९८९ पासून हे आकडे आले. धुळ्याला १८, जळगावला १९. त्याआधी पाटीवर तीन अक्षरं आणि पुढे आकडा असायचा. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला, तेव्हा एमएच-३९ दिसलं तर फोटो त्यानंतरचाच. सपाट तोंड, टपाला कॅरिअर, मागे शिडी, म्हणजे बहुतेक आमची १२१० च. ड्रायव्हरच्या दाराखाली पितळी पायरी दिसते का बघा. ती मी लावली होती.

सुरतवाला_खानदेशी

आबा, उधन्याहून रामराम. वडील लूमवर (कापडाच्या मागावर) होते, त्यामुळे आमचं सगळं लहानपण या गाड्यांत गेलं. आपल्या खानदेशच्या कानबाई देवीच्या सणाला तर विचारू नका. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, सोमवारी विसर्जन, आणि रोट (कानबाईचा प्रसाद) खायला भाऊबंद गावी हवेच. शनिवारी रात्री सुरतेतून साक्री, धुळे, अमळनेरकडे गाड्यांवर गाड्या लागायच्या. मधल्या वाटेत स्टुल टाकून बसलोय. गाडी घाट चढून वर आली की मागच्या सीटवरची आजी ओरडायची, ‘उनं रे आपलं!’ (आलं रे आपलं!) आणि झोपलेली पोरं उठून बसायची. ताई, पानांत कानबाईची गाडी आलीच पाहिजे.

पांझराकाठची

आबा, पितळी पायरी आहे! भिंगाने बघितली. म्हणजे मागचा १९७८ नंतर कोणीतरी अंदाजाने लिहिलाय. आता एक शंका. लक्झरी एसटीसारखी जागोजागी का थांबत नाही? आणि मामा म्हणतो, मधे एकदा त्यांची गाडी चक्क साक्रीच्या एसटी स्टँडवर उभी राहून धुळ्याचे प्रवासी भरत होती. हे खरं?

घाटातला फिटर

दोन्ही खरं. यांचं परमीट कॉन्ट्रॅक्ट कॅरेजचं. ठरलेली माणसं ठरलेल्या ठिकाणी न्यायची, वाटेत हात दाखवणाऱ्याला घ्यायचं नाही. टप्प्याटप्प्याने तिकीट फाडायचा हक्क आपल्याकडे एसटीचा. सीमेपलीकडे खेतिया, सेंधव्याला वेगळं चित्र दिसतं, कारण मध्य प्रदेशाने आपलं एसटी महामंडळच गुंडाळलं आणि तिथे स्टँडवर खाजगी बस लागते.

स्टँडवर उभी राहिली ती २०२१ च्या नोव्हेंबरात. एसटीचा मोठा संप झाला, पुढे एप्रिल २०२२ पर्यंत ताणला गेला. सरकारने तेवढ्यापुरती खाजगी बस, शाळेच्या गाड्या यांना प्रवासी न्यायची परवानगी दिली. मी तेव्हा घरी बसलेलो, तरी मुद्दाम बघायला गेलो. थोरल्या मालकांचा नातू गाडीवर होता, शाळेची ट्रॅव्हलर घेऊन. थोरल्या मालकांच्या परमीटानंतर त्या घरची गाडी पहिल्यांदा राजरोस धुळ्याचा प्रवासी घेत होती. आणि तिकडे डेपोतल्या ओळखीच्या कंडक्टरच्या घरी पगार नव्हता, तेही लिहा. दोन्ही लिहिल्याशिवाय ते पान पुरं होणार नाही.

आता काम सांगतो. घरच्यांना भेटा आणि जुनी आरसी बुकं मागा. विकलेल्या गाड्यांची नसतील, पण पासिंगच्या पावत्या आणि विम्याचे कागद मोठ्या सुनेने पत्र्याच्या पेटीत ठेवलेले मी पाहिलेत. प्रत्येक गाडीचा चासी नंबर, बैठक क्षमता, पहिली नोंदणी आणि कोणाकडून घेतली एवढं उतरवा. ड्रायव्हर-क्लीनरची नावं कागदावर मिळणार नाहीत, ती मी फोनवर सांगेन, पण ज्यांची मुलं हो म्हणतील त्यांचीच छापा. जुन्या धुळे जिल्हा गॅझेटियरमध्ये दळणवळणाचं प्रकरण आहे, त्यातून रस्त्यांची अवस्था कळेल. आणि फोटोची नक्कल मला पाठवा, टपावर बसलेल्यांपैकी दोघांना तरी मी ओळखेन.

पांझराकाठची

रविवारी जाते त्यांच्याकडे. नक्कल आजच पाठवते, आबा. पेटीचं मोठ्या मामींना आधी विचारून घेते, म्हणजे त्या काढून ठेवतील.